भोगीची भाजी आणि नाताळची सुट्टी : गच्चीवरच्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली जुनी, चार मजली सोसायटी. वरच्या मजल्यावर आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू राहतात. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. गच्चीच्या एका बाजूला भाजी लावायची परवानगी सोसायटीने त्यांना रीतसर दिली होती. स्लॅबला ओल लागता कामा नये, एवढीच अट. म्हणून प्रत्येक डबा, क्रेट आणि ग्रो-बॅग विटांवर उचलून ठेवलेली. बागेबद्दल काही अडलं की हे कुटुंब मला विचारतं. त्यामुळे ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हे सगळं मला जवळून बघता आलं.

शहरातल्या गच्चीवर, घरातल्या ओल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर भाजी पिकवायचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने तो कितीतरी घरांत पोचवला. आजींची बाग त्याच वळणाची. तळाला नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा, त्यावर घरचं खत आणि थोडीशीच माती. नंतर मुलाने आणलेल्या काही क्रेटमध्ये मात्र कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त आणि खत कमी, असं मिश्रण होतं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

त्या वर्षी आजींनी मनाशी ठरवलं होतं की भोगीची भाजी गच्चीवरचीच करायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि वांगी, गाजर, पावटा, मटार, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे घातलेली लेकुरवाळी भाजी. म्हणजे सहा वेगवेगळी पिकं एकाच दिवसाशी जुळवून आणायची, आणि प्रत्येकाला लागणारा काळ वेगळा. वांग्याची रोपं सप्टेंबरमध्ये डब्यांत गेली. पावट्याचा वेल पावसाळ्यातच लावलेला होता. देशी पावट्याला दिवस लहान झाल्याशिवाय फुलं येत नाहीत. त्यामुळे तो महिनोन्महिने नुसता वाढत राहतो आणि थंडी पडू लागली की एकदम फुलतो. गाजर ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलं, हरभरा ऑक्टोबरच्या मध्याला, मटार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि घेवडा नोव्हेंबर संपताना. त्यांच्या जोडीला नेहमीची मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, थोडे टोमॅटो आणि मिरच्या.

अडचण

नाताळच्या सुट्टीत सगळं घर कोकणात जाणार होतं. २३ डिसेंबरला सकाळी निघायचं आणि २ जानेवारीला संध्याकाळी परतायचं. नेमके हेच दिवस मटारच्या फुलांचे, गाजर भरण्याचे आणि हरभऱ्याला घाटे लागण्याचे. मटारला फुलं येताना आणि शेंगा भरताना पाण्याचा ताण बसला तर शेंगा कमी धरतात, आणि ते नुकसान नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही.

थंडीत झाडांना पाणी कमी लागतं, असं आपण सहज म्हणतो. जमिनीतल्या झाडांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पुण्यातल्या गच्चीचं गणित निराळं. पहाटे पारा १०-१२ अंशांवर आला तरी दुपारी तो २८-३० पर्यंत चढतो, हवा कोरडी असते आणि चौथ्या मजल्यावर वारा अडवणारं काही नसतं. उथळ क्रेट दीड-दोन दिवसांत कोरडा पडतो.

त्याच वर्षीच्या दिवाळीत हे कुटुंब चार दिवस बाहेर होतं. तेव्हा शेजारच्या निवृत्त काकांनी आपणहून पाण्याची जबाबदारी घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाइपने सगळ्यांना सारखं, भरपूर पाणी घातलं. आजी परतल्या तेव्हा मेथी बुडातून कुजली होती, दोन टोमॅटो पिवळे पडून माना टाकून बसले होते आणि मटारचं पहिलं बी मातीतच सडलं होतं. मटार नोव्हेंबरमध्ये पुन्हा पेरावा लागला तो याच कारणाने. काकांच्या मनात माया होती, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे या वेळी त्यांना 'नको' कसं म्हणायचं, हीसुद्धा एक अडचणच होती.

समोर असलेले पर्याय

मुलाला टायमर हवा होता. नळाला बसणारा, बॅटरीवर चालणारा टायमर त्याने ऑनलाइन मागवूनही टाकला. तो सोसायटीच्या टाकीवरून येणाऱ्या नळाला जोडायचा बेत होता. इथे सूनबाईंनी हरकत घेतली. घरी कुणी नसताना एखादी नळी निसटली तर अख्ख्या सोसायटीची टाकी रिकामी होईल, आणि वाहून गेलेलं पाणी त्याच स्लॅबवर साचेल जिच्यासाठी परवानगीत अट घातली आहे. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. माणूस हजर नसताना पाण्याचा साठा मर्यादितच असावा. सगळं बिघडलं तरी वाहून किती जाईल, हे आधी ठाऊक असलं पाहिजे.

म्हणून २०० लिटरचं स्वतंत्र पिंप घ्यायचं ठरलं. भरलेल्या पिंपाचं वजन २०० किलोच्या वर जातं. ते स्लॅबच्या मधोमध न ठेवता, खाली तुळई आहे अशा कडेच्या जागी, विटांच्या दोन फुटी चौथऱ्यावर बसवलं. त्यातून ठिबकच्या नळ्या डब्यांपर्यंत न्यायच्या होत्या.

आजींना बशा हव्या होत्या. प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवून ती भरून जायचं, ही त्यांची जुनी रीत. एका-दोन दिवसांपुरती ती चालते. दहा दिवस साचलेल्या पाण्यात मात्र डेंग्यूच्या डासांची एक पिढी तयार होऊ शकते, शिवाय मुळं सतत पाण्यात राहिली तर गुदमरतात. बशा उलट्या करून ठेवायच्या, एवढ्यावर वाद मिटला. कापसाच्या वातीने बादलीतून पाणी चढवायचा प्रयोग नातवाने केला. तो पुदिन्याच्या छोट्या कुंडीला छान जमला. मोठ्या डब्यांना वातीने चढणारं पाणी पुरत नाही.

आणखी एक पर्याय माणसाचा होता. सोसायटीच्या वॉचमनच्या पत्नी नांदेडकडच्या, शेतात राबून वाढलेल्या. इमारतीत सगळे त्यांना ताई म्हणतात. आजींशी त्यांचं अधूनमधून पिकांवरून बोलणं व्हायचं. त्यांना विचारावं, असं सूनबाईंनी सुचवलं. आजींचं म्हणणं, 'विचारू की, जाताना भाजी देऊ.' सूनबाईंनी ठामपणे सांगितलं की हे काम आहे, त्याचे पैसे ठरवून द्यायचे आणि भाजी वेगळी. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय होता. उपकारावर सोपवलेल्या कामात 'हे असं करू नका' असं मोकळेपणाने सांगता येत नाही. दिवाळीत काकांच्या बाबतीत तेच घडलं होतं.

काकांना आजींनी स्वतः जाऊन सांगितलं, 'या वेळी ठिबक लावलंय, त्याला हात लावायचा नाही बरं का. तुम्ही फक्त कबुतरं येतात का तेवढं बघा.' काका खूश होते.

निघण्याआधीचे आठ दिवस

आजींचा आग्रह होता की जी काही यंत्रणा असेल ती १५ तारखेलाच चालू करून बघायची. त्यामुळेच पुढचं सगळं सावरलं.

टायमर पिंपाला जोडला आणि वेळ झाल्यावर टिक असा आवाजही आला, पण पाणी आलं नाही. अशा टायमरमधल्या झडपेला उघडायला नळाचा दाब लागतो. दोन फुटांवरच्या पिंपातून मिळणारा दाब त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बिनदाबाच्या पाण्यावर चालणारे, बॉल व्हॉल्वचे टायमर वेगळे मिळतात. मुलगा तो मागवायला निघाला होता, पण वेळेत येईल की नाही आणि आला तर पुन्हा चाचणीला दिवस उरतील का, याचा भरवसा नव्हता. शेवटी टायमर काढून तिथे साधी चावी बसवली. ती ताईंनी एक दिवसाआड उघडायची आणि ठरलेल्या वेळी बंद करायची.

मग मोजमाप. ठिबकच्या नळीवर थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड म्हणजे ड्रीपर. त्यावर तासाला २ लिटर असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा पुऱ्या दाबाला धरून असतो. नातवाने ड्रीपरखाली मोजपात्रं ठेवली. पिंप काठोकाठ भरलेलं असताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी आलं. अर्ध्यावर आल्यावर साडेसहाशे मिलिलिटर. पिंप जसं रिकामं होईल तशी धार मंदावणार, हे त्यातून कळलं. ३० ड्रीपर, दर वेळी दीड तास, म्हणजे एका वेळेला साधारण ३० लिटर. २४, २६, २८, ३० डिसेंबर आणि १ जानेवारी अशा पाच पाळ्यांना दीडशे-एकशे साठ लिटर लागणार. शेवटच्या दोन पाळ्यांना दोन तास द्यायचे ठरलं, तरी तळाशी थोडं पाणी हाताशी उरणार होतं.

हिशेब जुळला तो ३० ड्रीपरवर. बागेत मात्र पन्नासच्या वर डबे-क्रेट होते. कोणाला पाणी द्यायचं नाही, हे ठरवणं सगळ्यांत जड गेलं, आणि बाग वाचली ती बहुतेक त्याच निर्णयामुळे.

पालेभाज्यांना ठिबकच द्यायचं नाही, असं मी सुचवलं. मेथी आणि मुळा काढणीला आलेच होते. ते २० ते २२ तारखेदरम्यान सगळे काढले. मेथीच्या जुड्या इमारतीत वाटल्या, मुळ्याच्या पाल्याची भाजी झाली. पालक जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापला. पानंच नसली की पाण्याची ओढ कमी होते, आणि पुढच्या दोन आठवड्यांत तो पुन्हा फुटतो. कोवळी कोथिंबीर मात्र आजींना कापवेना. ती क्रेटसकट जिन्याच्या खोलीच्या सावलीत नेली.

टोमॅटोबद्दल घरात मतभेद झाले. झाडं फुलांनी भरलेली होती. पण रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहिलं की टोमॅटोची फळधारणा मंदावते आणि बरीच फुलं गळतात. मग भोगीच्या भाजीतलं पाणी तोडून त्यांना का द्यायचं? चांगली दोन झाडं ठिबकवर ठेवली, बाकीच्यांची तयार फळं उतरवून ती नशिबावर सोडली.

हरभऱ्याला ठिबक जोडायचंच नव्हतं. त्याला पाणी जास्त झालं की तो नुसता पाल्यावर जातो. निघायच्या सकाळी एकदा भिजवलं की मधे एकच पाणी पुरे. गाजराला याच्या उलट सारखी ओल लागते. माती वाळून मग एकदम भिजली की गाजरं तडकतात. म्हणून प्रत्येक गाजराच्या खोक्याला दोन ड्रीपर. वांग्याच्या मोठ्या डब्यांनाही दोन.

सगळ्या डब्यांवर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर दिला. रसवंतीवाल्याकडचं चिपाड ओलं असतं, त्याला मुंग्या लागतात, म्हणून आजींनी ते टाळलं. डब्यांना रंगीत फिती बांधल्या. हिरवी म्हणजे ठिबक आहे, हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे सुकलं तर एक मग. लाल म्हणजे पाणी नको. २२ तारखेला ताईंनी आजींसमोर एक पाळी स्वतः चालवून बघितली.

ते दिवस

पहिल्या दोन पाळ्या सुरळीत गेल्या. २८ तारखेला ताईंचा फोन आला. 'आजी, वटाण्याच्या लायनीला पाणीच येईना झालंय. पानं मलूल दिसायलीत.' पिंप जुनं, आधी रंगकामाच्या साइटवर वापरलेलं. धुतलं होतं, तरी तळाचा बारीक गाळ पाण्याबरोबर नळीत उतरला होता. मटारची ओळ सर्वांत लांबची. तिथे पाण्याला जोर नसल्याने गाळ ड्रीपरमध्ये बसला.

मुलाने व्हिडिओ कॉलवर ड्रीपर काढून फुंकायला सांगितलं. त्याने एक-दोन सुटले, बाकीचे नाहीत. इथे ताईंनी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला. त्या ओळीची नळी चिमटून बंद केली आणि मटारला त्या दिवशी व पुढच्या दोन्ही पाळ्यांना मगाने, बुडाशी, हळूहळू पाणी दिलं. फिती हिरव्या होत्या, म्हणजे सूचनेप्रमाणे हात लावायचा नव्हता. सूचना मोडली म्हणूनच मटार वाचला. टायमर चालला असता आणि माणूस नसता, तर ही गोष्ट २ तारखेलाच कळली असती.

ताईंनी आणखी एक गोष्ट न सांगता केली. तयार झालेली वांगी त्या तोडत राहिल्या. फळ झाडावर जून झालं की झाड नवीन फुलं धरायचं कमी करतं. ही सूचना कागदावर नव्हती.

परतल्यावर

वांगी उत्तम. गाजराचा पाला तजेलदार. हरभरा थोडा रोडावलेला, पण घाट्यांनी लगडलेला. घेवड्याला शेंगा धरू लागल्या होत्या. पालक पुन्हा फुटला होता. सोडून दिलेल्या टोमॅटोंपैकी बहुतेक वाळले. जिन्याच्या खोलीतली कोथिंबीर उजेडाअभावी लांबट, फिकट होऊन आडवी झाली.

कोकोपीट जास्त असलेल्या मिरचीच्या क्रेटमध्ये वेगळाच प्रकार दिसला. वरचा थर ओला, पण झाडं कोमेजलेली. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज धरत नाही. ड्रीपरचं पाणी एका वाटेने थेट खाली निघून जात होतं. पाण्याच्या टबात क्रेट अर्धा तास बुडवून ठेवले तेव्हा कुठे ते पुन्हा भिजलं. खतमातीच्या डब्यांत ही अडचण आली नाही.

मटारच्या खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली होती. कोरडे दिवस आणि गार रात्री तिला मानवतात. रोगट पानं काढून जाळली, आणि एक भाग ताकात नऊ भाग पाणी असं मिश्रण चार-पाच दिवसांच्या अंतराने फवारलं. वरच्या नव्या पानांवर भुरी फारशी चढली नाही.

पावट्याने मात्र निराशा केली. निघताना दोन-तीन शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला होता. मुलाला कडुनिंबाचं तेल फवारायचं होतं. आजी म्हणाल्या, शेंडे खुडले की झालं. खुडले, पण मुंग्यांची रांग तशीच राहिली. त्या मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याला राखतात. परतल्यावर फुलोऱ्याचे बहुतेक तुरे माव्याने भरलेले होते. ढालकिड्यांच्या अळ्या कामाला लागलेल्या दिसल्या, म्हणून आजींनी औषध मारू दिलं नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा झाडला, खराब तुरे कापले आणि मुंग्यांची वाट बंद करायला वेलाच्या बुंध्याला एरंडेल चोपडलेली कापडी पट्टी बांधली. वेल सावरला, पण भोगीपर्यंत नवीन शेंगा येणं शक्यच नव्हतं.

भोगीच्या दिवशी वांगी, गाजर, घेवडा आणि सोलाणे गच्चीवरचे होते. मटार ओंजळभर, पावटा जेमतेम मूठभर. पावट्याच्या शेंगा मंडईतून आणाव्या लागल्या. आजींना ते लागलं, आणि लागणं साहजिक होतं. पाच-सहा महिने सांभाळलेला वेल होता तो. भाजी आणि भाकरीचं एक ताट ताईंकडे गेलं, एक काकांकडे.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी बंद पडण्याचं कारण अगदी साधं होतं. पिंपातून नळी निघते तिथे जाळीचा छोटा फिल्टर, आणि नळी पिंपाच्या तळापासून चार बोटं वर. ठिबकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात हा फिल्टर मिळतो. १५ तारखेच्या चाचणीत पाणी येतं का आणि किती येतं हे पाहिलं गेलं, पण आठवड्याने किती येतं हे पुन्हा मोजलं गेलं नाही. मोजलं असतं तर लांबच्या ओळीतली घट निघण्याआधीच दिसली असती.

फितींच्या सूचनेत 'हात लावायचा नाही' याऐवजी 'ठिबक चालू असताना बुडाशी ओल दिसते का बघा, नसेल तर एक मग पाणी घाला' असं लिहायला हवं होतं. ताईंना शेतीची जाण होती म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी सूचना जशीच्या तशी पाळली असती.

पावट्याच्या बाबतीत मुलाचं आणि आजींचं, दोघांचंही अर्धं बरोबर होतं. जाण्याआधी एकदा मारलेलं कडुनिंबाचं तेल उन्हात फार दिवस टिकत नाही, त्यामुळे फवारणी करून निर्धास्त होता आलं नसतं. नुसतं खुडूनही भागलं नाही. मुंग्यांची पट्टी २० तारखेलाच बांधायला हवी होती, आणि प्रत्येक पाळीला शेंड्यांवर पाण्याचा फवारा मारायचं काम ताईंच्या यादीत घालायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम आहे ते.

कोकोपीटच्या क्रेटना एक दिवसाआडची पाळी मुळात चालणारी नव्हती. ते पिवळ्या फितीत हवे होते. पुढच्या हंगामाआधी त्यांत निम्मं कंपोस्ट मिसळायचं मुलाने कबूल केलं आहे.

मटारच्या तारखेबद्दल आजींचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. त्या म्हणतात, या वेळेपेक्षा लवकर पेरायचा, म्हणजे निघण्याआधी निम्म्या शेंगा हाती येतील. मला वाटतं, निम्मा तेव्हा आणि निम्मा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरावा, म्हणजे सगळा फुलोरा सुट्टीच्या दिवसांत सापडणार नाही. येत्या हंगामात दोन क्रेट त्यांच्या तारखेला आणि दोन माझ्या तारखेला पेरायचे ठरले आहेत.